"आपली मंडळी कुठे जास्त आहेत, तिकडचं घर दाखवा": एजंटने काय उत्तर द्यायचं? (न्यू जर्सी)

नवी_पाटी

न्यू जर्सीचं रिअल इस्टेट सेल्सपर्सन लायसन्स आहे, ग्राहक बहुतेक देशी. फोनवर तेच चार प्रश्न फिरून फिरून येतात. आपली मंडळी कुठल्या टाऊनमध्ये जास्त आहेत? शाळा कुठल्या चांगल्या? तो भाग सेफ आहे का? आणि भाड्याने देणाऱ्या मालकांकडून, "शाकाहारी इंडियन फॅमिलीच हवी, जाहिरातीत तसं टाका."

७५ तासांच्या कोर्समध्ये स्टिअरिंगची (वंश, धर्म वगैरे बघून ग्राहकाला ठरावीक वस्तीकडे वळवण्याची) व्याख्या घोकून घेतात, पण फोनवर नेमकं वाक्य कोणतं बोलायचं हे कुणी सांगत नाही. ब्रोकरचा सल्ला एका ओळीचा: "त्या विषयावर बोलायचं नाही." गप्प बसलं की ग्राहकाला वाटतं हिला एरियाच माहीत नाही, आणि तो बिनधास्त बोलणाऱ्या दुसऱ्या एजंटकडे जातो.

दोन शंका आहेत. ग्राहक स्वतःच मागतोय, मीही त्याच समाजातली, कुणाचं वाईट चिंतत नाही. मग हे स्टिअरिंग कसं? आणि हे विषय टाळून कामाची माहिती द्यायची कशी?

ओटा

पहिल्या शंकेचं उत्तर आधी, कारण देशी एजंट नेमके तिथेच फसतात. स्टिअरिंग व्हायला द्वेष लागत नाही. आपुलकीनेही होतं, किंबहुना आपुलकीनेच जास्त होतं.

फेअर हाउसिंग ॲक्टवर (घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर) ११ एप्रिल १९६८ रोजी सही झाली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तेव्हा त्यात वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश एवढंच होतं. १९७४ मध्ये लिंग आलं. अपंगत्व आणि 'फॅमिलिअल स्टेटस' १९८८ च्या दुरुस्तीने आले. फॅमिलिअल स्टेटस म्हणजे घरात १८ वर्षांखालची मुलं असणं. गरोदर बाई आणि मूल दत्तक घेण्याच्या प्रक्रियेतलं कुटुंबही त्यातच येतं. न्यू जर्सीचा राज्याचा कायदा (लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन) याहून पुढे जातो: वैवाहिक स्थिती, लैंगिक कल, लिंगओळख, आणि भाडं कुठल्या कायदेशीर उत्पन्नातून येतं तेही. म्हणजे "सेक्शन ८ व्हाउचर (सरकारी भाडे-मदत) घेत नाही" हे न्यू जर्सीत चालत नाही.

'स्टिअरिंग' हा शब्द मूळ कायद्यात शोधलात तर सापडणार नाही. तो अर्थ त्याच्या कलम ३६०४(अ) मधल्या "किंवा अन्य प्रकारे घर अनुपलब्ध करणे" या शब्दांतून निघतो आणि हडच्या (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या) नियमावलीत, २४ सीएफआर १००.७० मध्ये, उलगडून दिलाय. तिथे चार प्रकार सांगितलेत. एक, ग्राहकाच्या किंवा तिथे राहणाऱ्यांच्या वंशामुळे, धर्मामुळे वगैरे घर बघण्यापासूनच परावृत्त करणं. दोन, त्याच कारणाने एखाद्या भागाच्या उणिवा फुगवून सांगणं किंवा चांगल्या गोष्टी सांगायच्या गाळणं. तीन, "तिथल्या लोकांशी तुमचं जमणार नाही" असं सुचवणं. चार, ठरावीक लोकांना ठरावीक भागात किंवा इमारतीच्या ठरावीक मजल्यावर टाकणं; मुलंबाळं असलेल्यांना फक्त तळमजला दाखवणं हे याचं नेहमीचं रूप.

आपल्याकडे घडतो तो तिसरा. "एडिसनला (भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या टाऊनमध्ये) तुम्हाला करमेल" आणि "तिकडे तुम्ही एकटे पडाल" ही दोन्ही वाक्यं एकाच खात्यात जमा होतात. पहिलं गोड आहे म्हणून सुटत नाही.

आणि न बोलताही स्टिअरिंग होतं, यादीतून. लाँग आयलंडवर न्यूजडे या वृत्तपत्राने केलेली तपासणी नोव्हेंबर २०१९ मध्ये छापून आली. एकाच एजंटकडे सारख्या बजेटचे आणि सारख्या मागणीचे दोन टेस्टर पाठवायचे, एक गोरा आणि एक अल्पसंख्याक. छुपं चित्रण करायचं आणि मिळालेली लिस्टिंग्ज नकाशावर मांडायची. अशा ८६ चाचण्या झाल्या. असमान वागणुकीच्या खुणा कृष्णवर्णीय टेस्टरांच्या बाबतीत ४९ टक्के, हिस्पॅनिक ३९ टक्के आणि आशियाई टेस्टरांच्या बाबतीत १९ टक्के चाचण्यांत दिसल्या. काही ठिकाणी एजंट वावगा शब्दही बोलला नव्हता. नकाशावरचे ठिपकेच वेगवेगळ्या टाऊन्समध्ये पडले.

"टेस्टरला घर घ्यायचंच नव्हतं, मग त्याचं नुकसान काय?" हा बचाव १९८२ मध्येच संपला. हेवन्स रिअल्टी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर उपलब्ध आहे की नाही याची खरी माहिती मिळण्याचा हक्क टेस्टरलाही आहे, त्यामुळे तोही दावा लावू शकतो. तेव्हा फोनवरचा प्रत्येक "आपली मंडळी कुठे?" हा टेस्टरचा फोन असू शकतो हे धरूनच बोलायचं.

क्लोजिंग_टेबल

दुसरी शंका माझ्याकडे. "बोलायचं नाही" हा सल्ला अर्धवट आहे. नकार, स्रोत आणि पुढचं काम हे तिन्ही एका दमात सांगायचं, म्हणजे ग्राहक बिचकत नाही.

वस्तीबद्दल: "कुठे कोण राहतं यावर मी कुणाशीच बोलत नाही, कायद्याने बोलता येत नाही. जनगणना खात्याच्या साइटवर टाऊनचं नाव टाकलं की सगळे आकडे दिसतात. तुम्ही बघा, टाऊन्सची नावं मला द्या. त्या प्रत्येक टाऊनमधलं तुमच्या बजेटमध्ये बसणारं सगळं मी दाखवते." 'कुणाशीच' हा शब्द गाळू नका. तो नसेल तर ग्राहकाला वाटतं आपल्यालाच टाळतेय. साइटचं नाव सांगून थांबायचं; वंशनिहाय तक्ता काढून, रंगवून स्वतः पाठवायचा नाही. रिअल्टर संघटनेच्या आचारसंहितेतलं कलम १० आणि त्याखालचा १०-१ हेच सांगतो: वस्तीच्या वांशिक, धार्मिक रचनेची माहिती आपण होऊन द्यायची नाही.

शाळा: 'चांगली' हा शब्द तोंडातून काढूनच टाका. अनेकदा तो वस्तीचाच सांकेतिक शब्द असतो, आणि एकाला "उत्तम डिस्ट्रिक्ट" (शाळांचा विभाग) म्हणून दुसऱ्याजवळ गप्प बसलात की तुलना तयार झाली. राज्याचं शिक्षण खातं प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट प्रसिद्ध करतं, तो वाचायला सांगा. त्यातलं काय महत्त्वाचं ते ग्राहक ठरवेल. तुमचं काम वेगळं आहे: या पत्त्याला कोणती शाळा लागते हे डिस्ट्रिक्ट ऑफिसकडून लेखी विचारून घ्यायला सांगणं. हद्दी बदलतात आणि लिस्टिंगमध्ये जुनीच शाळा राहून जाते. या चुकीवरून होणारी भांडणं स्टिअरिंगपेक्षा जास्त असतील.

सेफ आहे का: "हो" नाही आणि "नाही"ही नाही. स्थानिक पोलीस खातं, स्टेट पोलिसांचे गुन्ह्यांचे आकडे, मेगन्स लॉखालची (लैंगिक गुन्हेगारांची) ऑनलाइन नोंदवही, एवढे स्रोत सांगा. "संध्याकाळी सातनंतर स्वतः एकदा गाडीने चक्कर मारा" हे सांगायला हरकत नाही, फक्त ते प्रत्येक टाऊनसाठी सांगा.

मंदिर: ग्राहकाने स्वतः एखादं ठरावीक देऊळ सांगितलं तर तो एक पत्ता झाला, ऑफिससारखाच. "तिथून गाडीने २० मिनिटं" हा निकष लावा. आडनाव ऐकून तुम्ही आपण होऊन मंदिर काढलंत की संपलं.

आता खरी मेख, एमएलएसचा (एजंटांच्या सामायिक लिस्टिंग यादीचा) सर्च. देशी एजंट आधी टाऊन टाकतात, मग किंमत. उलटं करा. आधी किंमत, बेडरूम, प्रॉपर्टी टॅक्सची वरची मर्यादा, एचओए (सोसायटीची) फी, आणि कुठल्या स्टेशनपासून किती मिनिटं. टाऊनचा रकाना ग्राहकाने नावं दिल्याशिवाय रिकामा. समजा साडेसहा लाख डॉलर, तीन बेडरूम, मेट्रोपार्क स्टेशनपासून २५ मिनिटं असा सर्च टाकला आणि नऊ टाऊन्समधली ४० घरं आली. तुम्ही "यांना आवडतील" म्हणून १२ निवडलीत आणि बाराही एडिसन-इझलिनची निघाली, तर त्या निवडीमागचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर चाळीसही पाठवा. ग्राहकाने यादी कमी केली तर ती ईमेलवर, त्याच्या शब्दांत: "वुडब्रिज नको, टॅक्स जास्त वाटतो."

हे सगळं एका छापील फॉर्मवर घ्या आणि प्रत्येक ग्राहकाला तोच फॉर्म. प्री-अप्रूव्हल लेटरही (कर्ज किती मिळेल याचं बँकेचं पत्र) तसंच. एकाला "आधी लेटर आणा, मग दाखवते" आणि दुसऱ्याला पहिल्याच दिवशी तीन घरं, हा पुराव्यात सगळ्यात आधी दिसणारा फरक. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०२२ पासून ब्रोकरला जाहीरच करावं लागतं की घर दाखवण्याआधी तो ओळखपत्र, प्री-अप्रूव्हल आणि एक्स्क्लुझिव्ह करार मागतो की नाही.

१७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात 'मार्केट एरिया'चा रकाना असेल तर तुम्ही भरू नका. ग्राहकाच्या हाताने भरून घ्या आणि शेजारी सही. लोक तिथे सवयीने "मिडलसेक्स काउंटी" लिहून टाकतात, आणि तो कागद आयुष्यभर सांगत राहतो की एरिया एजंटने ठरवला.

नवी_पाटी

फॉर्मची कल्पना पटली. भाड्याच्या जाहिरातीचं काय? मालक म्हणतात, "माझं घर, मी ठरवणार."

डिपॉझिट_परत

मालकाचं म्हणणं थोडंसं खरं आहे, आणि त्या थोडक्यावरच सगळा गोंधळ आहे.

केंद्राच्या कायद्यात दोन सवलती आहेत. मालक स्वतः राहतो अशी चार युनिटपर्यंतची इमारत ही एक. दुसरी, ज्याच्याकडे तीनपेक्षा जास्त स्वतंत्र घरं नाहीत असा मालक एजंटशिवाय आणि भेदभावाच्या जाहिरातीशिवाय घर विकतो किंवा भाड्याने देतो तेव्हाची. म्हणजे या दुसऱ्या सवलतीत तुम्ही आत शिरलात की ती गेलीच. न्यू जर्सीचा कायदा आणखी कडक: मालक एका युनिटमध्ये राहत असेल तर दोन-कुटुंबी घराचं दुसरं युनिट, किंवा राहत्या घरातली खोली, साधारण एवढीच सूट.

पण जाहिरातीला सूट नाही. केंद्राचं ३६०४(क) सवलतीतल्या मालकालाही लागू आहे. स्वतःच्या दोन-कुटुंबी घराबद्दलही "इंडियन ओन्ली" लिहिणं बेकायदा, आणि तुम्ही ते टाकलंत तर लायसन्स तुमचं. शिवाय १८६६ चा नागरी हक्क कायदा आहेच. त्यात वंशाच्या बाबतीत कुठलीच सवलत नाही, आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या 'वंश' शब्दात पूर्वज आणि वांशिक गटही धरलेत. गोऱ्यांना नकार, चिन्यांना नकार, सगळं त्यात येतं.

शाकाहारी: आहार हा स्वतःहून संरक्षित वर्ग नाही. पण 'शाकाहारी' हा शब्द 'इंडियन'च्या शेजारी आला की तो चाळणी म्हणून वापरलाय हे कुणालाही कळतं. धर्म आणि मूळ देश मागच्या दाराने आत येतात. मालकाच्या राहत्या घरातली खोली आणि सामायिक स्वयंपाकघर असेल तर माणसाची अट न घालता वागण्याचा नियम लिहावा: "सामायिक स्वयंपाकघरात मांस-मासे शिजवायचे नाहीत." तो सगळ्यांना सारखा लागतो. वेगळ्या, स्वतंत्र युनिटला तोच नियम लावायचा असेल तर आधी वकील. रूममेटच्या निवडीला हा कायदा लागत नाही असं नवव्या सर्किटने (केंद्राच्या विभागीय अपील कोर्टाने) २०१२ मध्ये म्हटलंय खरं, पण ते पश्चिमेकडचं कोर्ट. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं. आणि ते एकत्र राहणाऱ्यांबद्दल आहे, मालकाने दिलेल्या अख्ख्या फ्लॅटबद्दल नाही.

जातीबद्दल कुणी विचारेलच: सिॲटलने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला शहराच्या कायद्यात बंदी घातली, त्यात घरंही आली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही गव्हर्नरने त्याच वर्षी नाकारलं. "आडनाव काय, मूळ गाव कुठलं" ही चौकशी भाडेकरूच्या अर्जाच्या वेळी करायचं कारणच नाही. क्रेडिट रिपोर्टला आडनाव लागतं, गाव लागत नाही.

जाहिरातीत घराचं वर्णन करा, राहणाऱ्याचं नाही. "तीन बेडरूम, स्टेशनला चालत आठ मिनिटं" चालतं. "छोट्या कुटुंबासाठी आदर्श", "बॅचलर नको", "मुलं नसलेलं जोडपं हवं" हे नको. वैवाहिक स्थिती राज्याच्या कायद्यात आहे हे लोक विसरतात. उलट टोकाला जाऊन घाबरूही नका. हडने १९९५ च्या मेमोमध्येच सांगितलं होतं की 'फॅमिली रूम', 'मास्टर बेडरूम', 'वॉक-इन क्लॉझेट' यात काही गैर नाही.

फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात टाकणार असाल तर हाउसिंगची स्पेशल ॲड कॅटेगरी निवडावीच लागते. मग वय, लिंग, झिप कोड यावरून माणसं निवडता येत नाहीत. पण जी जाहिरात फक्त एका मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि एमएलएसवर नाहीच, ती अशी चाळणी तुमच्या हातानेच लावते. ग्रुपवर टाका, पण त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणीही.

तिसरा_मजला

ओटा यांनी पहिला मुद्दा जरा सरसकट केलाय. १९९० मध्ये सातव्या सर्किटने, शिकागोजवळच्या बेलवुड गावाच्या एका खटल्यात, ज्युरीचा निकाल फिरवताना म्हटलं होतं की एजंट सगळ्या ग्राहकांशी सारखं वागत असेल आणि ग्राहकाने स्वतः बोलून दाखवलेल्या पसंतीप्रमाणे घरं दाखवत असेल, तर तेवढ्यावरून हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही. म्हणजे "ग्राहकाने मागितलं" हा बचाव अगदीच पोकळ नाही.

ओटा

निकाल बरोबर सांगितलात, पण त्यावर धंदा उभा करू नका. तो हेतूच्या पुराव्याबद्दल आहे आणि न्यू जर्सीतल्या कोर्टांना बांधील नाही. राज्याचा कायदा, रिअल इस्टेट कमिशन आणि आचारसंहिता या तिघांपुढे तो दाखवून उपयोग फारसा नाही. शिवाय त्यातली अट बघा: "सगळ्यांशी सारखं". एखादा गोरा ग्राहक "जिथे इंडियन कमी आहेत तिथलं दाखवा" म्हणाला तर तुम्ही यादी काढून द्याल का? देणार नसाल तर पहिल्याला देऊनही सारखं वागणं राहिलं नाही. देणार असाल तर प्रश्नच मिटला, लायसन्स भिंतीवरून उतरवायचं.

विक्रेत्याने अशी अट घातली तर मधला मार्ग नाही. लिस्टिंग घेताना न्यू जर्सीत ॲटर्नी जनरलचं भेदभावविरोधी निवेदन विक्रेत्याच्या हातात द्यावंच लागतं. ते वाचूनही तो अडून बसला तर लिस्टिंग सोडा आणि का सोडली ते ब्रोकरला लेखी कळवा.

डिपॉझिट_परत

इथे घर शोधणारेही वाचत असतील, त्यांच्यासाठी. आपल्याला वळवलं जातंय अशी शंका आली तर एजंटशी वाद घालत बसू नका, आधी कागद जमवा: पाठवलेल्या लिस्टिंग्जची पानं, मेसेज, तारीख-वेळ, आणि "ते घर गेलं" म्हणाल्यावर ते घर पुढे किती दिवस साइटवर ॲक्टिव्ह दिसलं त्याचे स्क्रीनशॉट. हा शेवटचा पुरावा लोक घ्यायचा विसरतात, आणि घर उपलब्ध असून नाही म्हणणं हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे, ३६०४(ड).

तक्रारीच्या मुदती तीन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात. न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवस. हडकडे एक वर्ष. फॉर्म ९०३, ऑनलाइन किंवा १-८००-६६९-९७७७ वर, फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कोर्टात दोन वर्षं. हडने चौकशी १०० दिवसांत संपवावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात ती लांबते. आरोप निश्चित झाला तर दोन्ही बाजूंपैकी कुणीही २० दिवसांत "आम्हाला फेडरल कोर्टच हवं" म्हणू शकतं. नाहीतर प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी. तिथे पहिल्या गुन्ह्याला दंडाची कमाल २५ हजार डॉलरच्या पुढे गेलीय, नुकसानभरपाई वेगळी. राज्याचा दंड पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत. तक्रार केली म्हणून एजंटने किंवा मालकाने त्रास दिला तर त्याचीही स्वतंत्र तक्रार होते, ३६१७ खाली.

आणि जबाबदार फक्त एजंट नसतो. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की एजंटच्या कृत्याला त्याची कंपनी जबाबदार; कंपनीचा मालक मात्र केवळ मालक आहे म्हणून वैयक्तिकरीत्या नाही. नवी_पाटी, तुमच्या ब्रोकरला "बोलायचं नाही" ऐवजी लेखी पद्धत हवी असण्याचं हेच कारण.

नवी_पाटी

फॉर्म टाइप करायला घेतलाय, टाऊनचा रकाना रिकामा. एकच राहिलं: आधी व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर गेलेले "इंडियन फॅमिली प्रेफर्ड"चे मेसेज डिलीट करू का?

क्लोजिंग_टेबल

डिलीट करू नका. समोरच्याकडे ते राहणारच, आणि उद्या तक्रार आली तर पुसणं हा दुसरा आरोप होईल. स्क्रीनशॉट काढून ब्रोकरला आजच ईमेल करा, ऑफिसच्या वकिलाला विचारायला सांगा. जाहिरात अजून चालू असेल तर ती आत्ता थांबवा, त्याच ब्रॉडकास्टवर घराच्या वर्णनापुरती नवी जाहिरात टाका आणि तळाशी लिहा: "अर्ज सर्वांसाठी खुले." एमएलएसवरही तोच मजकूर, शब्दही बदलू नका.